लॅब्रमांचा सोमवार

सोमवारी काम करायचं नाही, हा लॅब्रम घराण्याचा एकच पक्का नियम होता. बाकीचे नियम, म्हणजे खोटं बोलू नये, कर वेळेवर भरावा, तळाला हलकं चामडं वापरू नये, हे अडीअडचणीला थोडेफार वाकायचे. सोमवार वाकायचा नाही. इंग्लंडात, नॉर्थॅम्प्टनमधल्या त्यांच्या विटांच्या गल्लीत एकशे बावीस वर्षं हाताने बूट शिवले जात होते, आणि एवढ्या वर्षांत एकाही सोमवारी आतून हातोडीचा आवाज आला नव्हता.

का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ब्रायनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिने सासऱ्यांना विचारलं होतं. इतिहास घेऊन पदवी काढलेली मुलगी. तिला प्रत्येक गोष्टीचं मूळ हवं असायचं. मॉरिस लॅब्रम यांनी चष्म्यावरून तिच्या बुटांकडे पाहिलं. समोर कोणीही आलं की ते आधी बुटांकडे बघत. तोंडाकडे नंतर, सवडीने.

"बूटवाले सोमवारी काम करत नाहीत," ते म्हणाले.

"पण का?"

"मंगळवारी करतात म्हणून."

तिने नंतर वाचनालयात शोधलं. जुन्या काळी सगळ्याच बूटवाल्यांचा सोमवार असा असायचा: रविवारची उतरेपर्यंत मंगळवार उजाडायचा. बाकीच्या गावाने ही चाल शंभर वर्षांपूर्वी सोडली. लॅब्रमांना कोणी कळवलं नसावं. मॉरिस तर दारूच्या थेंबालाही शिवत नसत. सोमवारी ते भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या आपल्या वाफ्यात जाऊन कांद्याच्या पातीकडे बघत बसत. चामडं कापणारा बॅरी नदीवर गळ टाकून बसे. वरचे भाग मशीनवर शिवणाऱ्या ग्लेनिसबाई केस सेट करून घेत. आणि ब्रायनी, जी आठवड्यातून तीन दिवस दहा महिन्यांच्या मेबलला कडेवर घेऊन कारखान्याचं ऑफिस सांभाळायची, ती सोमवारी घरी बसून मंगळवारची काळजी करायची.

काळजी हा तिचा जोडधंदाच होता. मेबल रडली तर काळजी, आणि मेबल फार वेळ रडली नाही तर जास्त काळजी.

पण त्या जानेवारीत काळजीला खरंच कारण मिळालं. मॉरिस यांच्या उजव्या अंगठ्याने राजीनामा दिला.

बुटाचा वरचा भाग आणि तळ यांना जोडणारी एक चामड्याची पट्टी असते. ती हाताने शिवायची: आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओवायचा, आणि जीव खाऊन ओढायचा. बूट वीस वर्षं टिकतो तो या टाक्यांवर. हे टाके कारखान्यात एकट्या मॉरिसना येत होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं की या अंगठ्याने यापुढे फार तर चहाचा कप उचलावा, तोही अर्धा भरलेला.

ओसाकाच्या एका दुकानाने तीस जोड मागवले होते. एक बिल्डर दर महिन्याला गोड पत्र पाठवत होता, की ही जागा द्या, इथे छान फ्लॅट होतील. उन्हाळ्यापर्यंत टाके घालणारा हात मिळाला नाही तर आपण सही करणार, असं मॉरिस यांनी जाहीर केलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

जाहिरात दिली. दोघांनी विचारणा केली. एकाला हे काम घरी बसून कॉम्प्युटरवर करता येईल का ते हवं होतं. दुसऱ्याने फक्त गाडी कुठे लावायची ते विचारलं, आणि उत्तर न आवडल्यामुळे तो पुन्हा उगवला नाही.

तिसरं पत्र नायजेरियातून आलं. आबा नावाच्या शहरातून. तिथे गल्ल्याच्या गल्ल्या बूट शिवतात म्हणे. लिहिणाऱ्याचं नाव ओबिओरा. पत्र चार ओळींचं होतं, सोबत एका बुटाच्या तळाचा फोटो. मॉरिस यांनी तो फोटो भिंगाखाली धरून वीस मिनिटं पाहिला. ब्रायनीला वाटलं, त्यांना डुलकी लागली.

"हा माणूस मला हवा," ते म्हणाले. "मागव."

दोऱ्याचं रीळ मागवावं तसं त्यांनी ते सांगितलं. ब्रायनीच्या नवऱ्याने, रसेलने, विम्याच्या कंपनीत अर्जांच्याच ढिगाऱ्यात दिवस घालवूनही, रात्री फक्त एवढंच म्हटलं, "तू बघतेयस ना? मग झालं."

माणूस मागवायला आधी सरकारचा परवाना लागतो. परवाना मिळाला की त्या माणसाच्या नावाचं प्रमाणपत्र, आणि त्यावर व्हिसा. ब्रायनीने पन्नास पानांच्या सूचना छापून घेतल्या आणि मेबलला भरवता भरवता वाचल्या. सतराव्या पानावर भोपळ्याचा डाग आहे तो तेव्हाचा. त्यात धंद्यांची यादी होती आणि यादीत 'पादत्राणे व चामडे कारागीर' यांना स्वतःचा क्रमांक होता. हे ऐकून मॉरिस इतके खूश झाले, की त्यांनी तो क्रमांक खडूने दारामागे लिहून ठेवला.

"म्हणजे सरकारला आपण माहीत आहोत," ते म्हणाले.

शेजारच्या मिस्टर प्रॉबर्टना हे कळायला दीड दिवस लागला. नगरपालिकेच्या गटार खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. सरकार आतून बघितलेला गल्लीतला एकमेव. ते कुंपणावर कोपर टेकून म्हणाले, "ब्रायनी, ऐक. सरकारला कमी सांगायचं. विचारलं तेवढंच. आणि निळ्या शाईने."

"अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा आहे, मिस्टर प्रॉबर्ट."

त्यांनी विचार केला. "मग अक्षरं निळी कर."

कमी सांगा हा सल्ला वाईट नव्हता. तो मॉरिसपर्यंत पोचला नाही, एवढंच. 'आठवड्याचे कामाचे तास' या रकान्यात त्यांनी सांगितलं, "बूट पुरा होईपर्यंत." 'वार्षिक पगार'? "जोडीमागे तीस पाउंड. हात बसला असेल तर." कारखान्यात पहिल्यापासून जोडीवरच हिशोब होता, वर्षाचा पगार ही कल्पना मॉरिसना जरा अश्लील वाटायची. ब्रायनीने हे सगळं सभ्य भाषेत लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर तिला झोप आली नाही. पण तशी ती मेबल झाल्यापासून आलीच नव्हती.

याच सुमारास प्रॉबर्ट वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. पगाराची अट चार एप्रिलपासून वाढत होती. आज परदेशी कारागिराला वर्षाला किमान सव्वीस हजार दोनशे पाउंड द्यावे लागत. चार तारखेनंतर अडतीस हजार सातशे.

"अडतीस!" ब्रायनी खालीच बसली. एवढे पैसे कारखान्यात कोणी एका वेळी पाहिलेसुद्धा नव्हते.

"तीन एप्रिलपर्यंत प्रमाणपत्र हातात पाहिजे," प्रॉबर्ट समाधानाने म्हणाले. वाईट बातमी वेळेवर पोचवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. "नाहीतर विसरा."

ओबिओराशी फोनवर बोलणं व्हायचं ते सोमवारी. त्यानेच तसं सुचवलं होतं: "सोमवारी मी घरीच असतो, मॅडम ब्रायनी. सोमवारी आमच्याकडे सगळी दुकानं बंद." ब्रायनीने हे मॉरिसना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच.

"काय म्हणत होतो मी? आफ्रिकेतसुद्धा! बूटवाले सोमवारी काम करत नाहीत!" त्या दिवशी त्यांनी बॅरीला आणि ग्लेनिसबाईंना मुद्दाम बोलावून ही बातमी दिली. एकशे बावीस वर्षांत घराण्याच्या नियमाला पहिल्यांदाच बाहेरून पाठिंबा मिळाला होता.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी मेबलची चोखणी हरवली. ती कारखान्यात राहिली असणार म्हणून ब्रायनी मेबलला घेऊन तिथे गेली. चोखणी कुठेच सापडेना. बाकाखाली शोधता शोधता दारावर टकटक झाली. बाहेर एक तरुण उभा होता, हातात फाइल. सरकारी तपासनीस, मिस्टर स्टँडिश. परवान्यासाठी कारखाना बघायला आला होता. न सांगता.

आत अंधार होता. यंत्रं झाकलेली. माणूस एक, तोही रांगत आलेला, केसांत चामड्याचा भुगा.

"हा कारखाना... चालू आहे ना?" त्याने विचारलं.

"चालू आहे! अगदी जोरात चालू आहे! फक्त आज सोमवार आहे."

"मलाही तेच वाटत होतं," तपासनीस म्हणाला आणि त्याने काहीतरी लिहिलं.

ब्रायनीने वाफ्यावर फोन करून मॉरिसना बोलावलं. ते चिखलाच्या बुटांनी, हातात कांद्याची पात घेऊन आले आणि आल्या आल्या तपासनिसाच्या पायांकडे बघत उभे राहिले. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता. चालताना जीभ दाखवत होता.

"काढा," मॉरिस म्हणाले.

"काय?"

"बूट काढा. गोंदाने चिकटवलेत हे. गोंदाने! तुम्हाला कोणी हे विकलं त्याला तुरुंगात टाका आणि मग इथे या."

ब्रायनीच्या डोळ्यांपुढे सूचनांचं एकेचाळिसावं पान आलं. अधिकाऱ्याला वस्तू किंवा सेवा देणे. बूट फुकट शिवला तर लाच. लाच म्हणजे परवाना गेला. परवाना गेला म्हणजे बिल्डर, फ्लॅट, सासरे वाफ्यातच राहायला जाणार. "मॉरिस, नको!" ती ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पैसे घ्यायचे. पैसे घ्या. पावती देते मी."

"सोमवारी मी पैसे घेत नाही. सोमवारी मी काम करत नाही."

"मग बूट काढायला का सांगितलंत?"

मॉरिस यांच्यापुढे खरंच धर्मसंकट उभं राहिलं. एका बाजूला एकशे बावीस वर्षं, दुसऱ्या बाजूला तो जीभ काढलेला बूट. शेवटी त्यांनी घड्याळात पाहिलं, खिशातून बारीक खिळे काढून तोंडात धरले आणि म्हणाले, "हे काम नाही. ही प्रथमोपचाराची केस आहे." डाव्या हाताने, चुकत माकत, त्यांनी तळ ठोकून दिला. ब्रायनीने चार पाउंडांची पावती फाडली, दोन प्रतींत. तपासनीस एका पायमोज्यावर उभा राहून सगळं बघत होता. जाताना तो म्हणाला, "माझ्या आजोबांचे असे बूट होते," आणि पुन्हा काहीतरी लिहिलं. ते काय, या काळजीत ब्रायनीचे नऊ दिवस गेले. (चोखणी तिच्याच खिशात होती.)

दहाव्या दिवशी परवाना आला. सोबत पत्र होतं: पगार जोडीवर मोजलेला चालणार नाही. वर्षाला किमान सव्वीस हजार दोनशे, लेखी, हमीचे, आठवड्याचे तास नेमके लिहून. मगच प्रमाणपत्र.

आता कारखान्यातली वस्तुस्थिती अशी होती, की बॅरी एकेचाळीस वर्षं चामडं कापत होता आणि त्याला वर्षाकाठी बावीसच्या आसपास मिळायचे. ग्लेनिसबाईंना त्याहून थोडे कमी. ब्रायनीला हे माहीत होतं, म्हणूनच ते पत्र तिने कपाटात वरच्या खणात, नमुन्यांच्या वहीखाली ठेवलं. आणि मेबलला चामड्याच्या तुकड्यांशी खेळायला खाली सोडलं. कपाटाचा वरचा खण हा मोठ्यांच्या दृष्टीने वरचा असतो. धरून उभं राहायला नुकतंच शिकलेल्या मुलीच्या दृष्टीने तो वहीचा कोपरा बाहेर आलेला खण असतो.

मेबल रांगत ग्लेनिसबाईंकडे गेली आणि तिने तोंडातला ओला कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काय आणलंस ग राणी? अरे वा, पत्र!" ग्लेनिसबाईंनी चष्मा लावला. मग मशीन थांबलं. "बॅरी," त्या म्हणाल्या. "इकडे ये जरा. बसून वाच."

दुसऱ्या दिवशी बॅरी कामावर आला तो टाय न घालता.

याचा अर्थ गल्लीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. चामडं कापणारा हा कारखान्यातला सगळ्यात वरचा माणूस. एक सुरी चुकली की कातडं वाया. म्हणून पूर्वीपासून हे लोक टाय लावून काम करत, बाकीच्यांनी नुसता एप्रन बांधावा. बॅरीने एकेचाळीस वर्षं टाय लावला होता. अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर पहिल्या दिवशी पोटाला पट्टी होती, पण गळ्यात टाय होता.

"बघितलंस?" ग्लेनिसबाई कुजबुजल्या. "गळा उघडा! मी तर त्याचा गळा आज पहिल्यांदा पाहिला. आणि खरं सांगू? नसता पाहिला तर बरं झालं असतं."

"बॅरी, काय झालं?" ब्रायनीने विचारलं. तिला काय झालं ते चांगलंच माहीत होतं.

"काही नाही," बॅरी म्हणाला. "जो अजून आला नाही त्याचा पगार माझ्याहून चार हजार जास्त आहे. मग टाय त्यानेच लावावा. मी लावून काय करू? मला उकडतं."

"अहो, ती सरकारची अट आहे. मी नाही ठरवलेलं."

"मग सरकारने माझा पगार कधी का नाही ठरवला?" बॅरीने सुरीला धार लावायला घेतली. ती त्याने दुपारपर्यंत लावली. "त्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याने टाके चांगले घातलेत. माझं भांडण आकड्याशी आहे."

ग्लेनिसबाईंचंही भांडण आकड्याशीच होतं, फक्त त्या ते गात होत्या. दिवसभर मशीनवर त्यांच्या गाण्यात सव्वीस हजार येत राहिले. आतल्या खोलीत मॉरिस दुखावलेल्या मनाने बसले होते. त्यांच्या मते त्यांच्याच माणसांनी त्यांना दगा दिला होता. बॅरीच्या मते मालकाने त्याला दगा दिला होता. मेबल एकटी सगळ्यांशी बोलत होती, आणि या गोंधळात तिचाच हात सर्वांत मोठा होता.

ब्रायनीने रात्री हिशोब मांडला. तिघांचाही पगार सव्वीस हजार दोनशे करायचा, तर बूट जास्त हवेत. बूट जास्त करायचे तर दिवस जास्त हवेत. चार दिवसांच्या आठवड्यात दिवस एकच मोकळा होता. त्याचं नाव काढायची तिची छाती होईना.

सोमवारी तिने सगळ्यांना घरी बोलावलं. स्वयंपाकघरात, कारण सोमवारी कारखान्यात पाऊल टाकायला, अगदी भांडायलासुद्धा, बॅरी तयार नव्हता. टेबलावर चहा होता, किसलेल्या चीजचे सँडविच होते आणि खुर्च्यांवर वाळत घातलेले मेबलचे कपडे. तिने पगारपत्रक टेबलावर ठेवलं. सगळ्यांचं. सासऱ्यांना न विचारता. आयुष्यात असं धाडस तिने यापूर्वी एकदाच केलं होतं, ते लग्न.

बॅरीने पत्रकावर बोट फिरवलं. बोट एका ओळीवर थांबलं. "हे चुकलंय," तो म्हणाला. "मॉरिसपुढे नऊ हजार चारशे लिहिलंय."

"चुकलेलं नाही," ब्रायनी म्हणाली. "सहा वर्षं तेवढेच घेतायत."

मॉरिस लाल झाले. "हे खाजगी आहे! हे... मला एवढं खायला लागतं किती? वाफ्यात भाजी होते!"

ग्लेनिसबाईंनी पत्रक स्वतःकडे ओढलं, वाचलं, आणि मॉरिसच्या पुढ्यात आणखी एक सँडविच ठेवला. "आम्हाला वाटायचं तुम्ही स्पेनला घर घेतलंत," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी गायब होता म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला. सोमवार, ओबिओरा. ब्रायनीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मागे एक खोली दिसत होती, पडदे ओढलेले, त्याच्या मांडीवर मेबलएवढंच एक मूल.

"तुम्ही सगळे आज घरी?" ओबिओरा म्हणाला. "तुमच्याकडेही सोमवार बंद?"

"बंद म्हणजे काय!" मॉरिस फोनकडे सरकले. "एकशे बावीस वर्षं! तुमच्याकडे किती वर्षं चाललंय?"

"तीन," ओबिओरा म्हणाला.

"फक्त तीन? मग आधी?"

"आधी सोमवार सगळ्यात चांगला वार होता, बाबा. गिऱ्हाईक बाहेरगावाहून यायचं. आता वेगळा देश मागणाऱ्या बंदूकवाल्यांनी बजावलंय, सोमवारी बाहेर पडायचं नाही. दुकान उघडलं तर जाळतात. शेजारच्याचं जाळलं. म्हणून पडदे लावून बसतो." मांडीवरच्या मुलाने फोन ओढला, त्याने तो हळूच सोडवला. "हौसेने नाही बसत. तुमचा सोमवार हौसेचा आहे. तो चांगला आहे. तो ठेवा."

मेबलने चमचा खाली टाकला, तो कोणी उचलला नाही. ब्रायनी पडद्याआडच्या त्या मुलाकडे बघत होती आणि एरवी तिला ज्या शंभर गोष्टींची काळजी वाटायची त्यांतली एकही तिला आठवेना.

"त्याला सांग," बॅरी घसा खाकरून म्हणाला, "सांग, की इथे सोमवारी उघडं असेल."

मॉरिस यांनी त्याच्याकडे पाहिलं. तोंडाकडे. सरळ.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या सोमवारपासून. पण नऊच्या आत नाही. आणि मासे पकडायला मी गुरुवारी संध्याकाळी लवकर जाणार."

"आणि माझे केस?" ग्लेनिसबाई म्हणाल्या. मग हात झटकून, "जाऊ दे. शनिवारी करीन. सव्वीस हजारांत बाई शनिवारी केस करूच शकते."

पाच दिवसांचा आठवडा, तास नेमके, तिघांना सारखा पगार आणि मॉरिसना खाण्यापुरता थोडा वाढीव: ब्रायनीने त्याच रात्री लिहून पाठवलं. पुढचा सोमवार म्हणजे एक एप्रिल. तो ईस्टरचा सोमवार आहे, हे तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. एकशे बावीस वर्षांत लॅब्रमांनी पहिल्यांदा सोमवारी काम करायचं ठरवलं, आणि नेमका देशच बंद होता.

"ती सरकारची सुट्टी," बॅरी म्हणाला. "आपली आपण मोडलीय. शब्द म्हणजे शब्द."

नऊ वाजता उघडलं. सव्वानऊला मिस्टर प्रॉबर्टनी सोमवारी लॅब्रमांच्या खिडकीत दिवा पाहिला आणि अगदी योग्य तो निष्कर्ष काढून पोलिसांना फोन केला. दोन हवालदार आले. आत त्यांना टाय लावलेला एक गृहस्थ हातात सुरी घेऊन उभा दिसला. पुढचा अर्धा तास कसा गेला ते बॅरी अजून सांगतो. दरवेळी हवालदारांची संख्या एकाने वाढते.

बुधवारी, तीन एप्रिलला, पावणेपाचला प्रमाणपत्र मंजूर झालं. मुदत पाचला संपत होती. आता फक्त ते ओबिओराच्या नावे द्यायचं होतं. एक बटण. ब्रायनीने बोट पुढे केलं आणि कडेवरच्या मेबलने दोन्ही हातांनी सगळीच बटणं दाबली. पान बंद. खातं मॉरिसच्या नावावर, त्यामुळे पुन्हा उघडायला सरकारला त्यांच्या एका गुप्त प्रश्नाचं उत्तर हवं होतं: तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय?

"मॉरिस!" ब्रायनी किंचाळली. "तुमचा कुत्रा!"

"कुत्र्याचं काय?" मॉरिस दारात आले. "सरकारला माझ्या कुत्र्याशी काय करायचंय?"

"नाव सांगा! पहिला कुत्रा!"

"माझा पहिला की घरातला पहिला? घरातला माझ्या आत्याचा होता, तो चावायचा..."

"मॉरिस, दहा मिनिटं राहिलीत!"

मॉरिसनी चष्मा काढून पुसला. मग जरा लाजून म्हणाले, "मंडे."

"काय?"

"मंडे नाव होतं त्याचं. सोमवारचं. दिवसभर झोपून असायचा."

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी ब्रायनीने बटण दाबलं. मेबल तेव्हा ग्लेनिसबाईंच्या कडेवर, कोणत्याही यंत्रापासून सहा फुटांवर होती.

ओबिओरा जूनमध्ये आला, एका रविवारी संध्याकाळी. बायको आणि मूल महिनाभराने यायचे होते. ब्रायनीने त्याला प्रॉबर्टांच्या रिकाम्या खोलीत उतरवलं आणि बजावलं, की प्रवास झालाय, दोन दिवस आराम कर, बुधवारी ये. रात्रभर ती जागी होती: खोलीत गार तर वाटत नसेल ना, प्रॉबर्ट त्याला सल्ले तर देत नसतील ना.

सोमवारी साडेआठला ती मेबलला घेऊन कारखान्यावर पोचली, तर ओबिओरा दारापुढे उभा. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात आपल्या हत्यारांची पिशवी.

"तुला बुधवारी सांगितलं होतं ना?"

"हो, मॅडम. पण आज सोमवार." त्याने लोखंडी शटरकडे बोट केलं. "हे मी उघडू का?"

तिने किल्ली दिली. त्याने वाकून कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं. एवढा जोर लावायची गरज नव्हती. सगळी गल्ली दणाणली. प्रॉबर्टांची खिडकी उघडली, प्रॉबर्टांनी खाली पाहिलं, घड्याळात पाहिलं, आणि पोलिसांना न बोलावता खिडकी लावून घेतली. ओबिओरा तसाच उभा होता, हात वर शटरला लावून, त्या आवाजाचा शेवट ऐकत.

बॅरी आला, ग्लेनिसबाई आल्या. मग मॉरिस आले आणि सवयीने ओबिओराच्या पायांकडे बघत उभे राहिले. काळे बूट, त्याने स्वतः शिवलेले. मॉरिसनी नुसता हात पुढे केला. ओबिओराने एक बूट काढून त्यांच्या हातात दिला. मॉरिसनी तो उलटा केला आणि दुखऱ्या अंगठ्याने पट्टीवरचे टाके मोजत टाचेपासून चवड्यापर्यंत गेले, आणि परत आले. सगळे त्या अंगठ्याकडे बघत होते. मेबलसुद्धा.

"ब्रायनी," मॉरिस शेवटी म्हणाले, "सव्वीस हजार लिहिलेस तू?"

"सव्वीस हजार दोनशे." तिने मेबलला दुसऱ्या कडेवर घेतलं. "का? काय झालं?"

"कमी लिहिलेस," मॉरिस म्हणाले, आणि आपली आरी ओबिओराच्या हातात देऊन ते चहा टाकायला आत गेले.

बॅरीने टायची गाठ वर सरकवली आणि पहिलं कातडं टेबलावर पसरलं.